आईची मर्जी

जवळ्याच्या मापावरून भांडताना राहीबाईंच्या तोंडून तो आवाज निघाला. महाडचा बाजार, सकाळचे दहा वाजलेले, दासगावकडून आलेल्या कोळणी पाट्या मांडून रांगेने बसलेल्या. कोळणीने माप भरलं आणि वरची शीग तळहाताने पुसून पाटीत परत ढकलली. "शीग राहू दे गो," राहीबाई म्हणाल्या. कोळीण शेजारणीकडे बघून हसली. त्या हसण्याने राहीबाईंच्या पोटात काहीतरी तापलं, वर चढलं, गळ्यापाशी येऊन जाड झालं. "ठेव." एवढा एकच शब्द. रिकाम्या कणगीत तोंड घालून बोलावं तसा तो बाहेर पडला, आणि कोळणीचा हात जागच्या जागी थांबला. तिने शीग परत मापावर चढवली, वर आणखी दोन मुठी टाकल्या आणि पदर डोक्यावर घेतला. पलीकडे भाजी निवडणाऱ्या एका बाईने हात जोडले. ती बाई राहीबाईंच्याच आळीतली होती.

घरी येईपर्यंत राहीबाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. घर म्हणजे भाताच्या गिरणीमागच्या दोन खोल्या. धाकटा मुलगा सयाजी गिरणीत कामाला होता आणि मालकाने त्याला त्या राहायला दिल्या होत्या. दिवसभर गिरणीची धडधड भिंतीतून यायची आणि कोंड्याची बारीक धूळ भांड्यांवर बसायची. पाच वर्षांपूर्वी पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली वाडी सोडून त्या इथे आल्या, तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की वाडीची देवी काळकाई आता माझ्या अंगात येत नाही, आई गेली. लोकांना ते पटलं होतं. सुनेचं सुतक, वय, गाव सुटलेलं. आई जाते कधीकधी. त्यांनाही पटलं होतं. आज मात्र जवळा निवडायला बसल्यावर त्यांची बोटं चालेनात. ढोल नव्हता, धूप नव्हता, पायांना कंप नव्हता. अंगात वारं आलं की आधी पोटऱ्या थरथरायच्या, मग कानात पाणी शिरल्यासारखं व्हायचं, माणसं लांब जायची. आज माणसं लांब गेली नव्हती. कोळणीच्या नाकातली चमकी, पाटीवरची माशी, सगळं स्वच्छ दिसत होतं आणि तरी आवाज तोच होता. मापभर जवळ्यासाठी काळकाई आली असेल का? हा प्रश्न मनात येताच त्यांना हसू यायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी सूप खाली ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

पहिल्यांदा अंगात आलं तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. नवरात्राची पाचवी माळ. सासू त्यांना नाचणीची अर्धी भाकरी घालायची, तीही सगळ्यांचं झाल्यावर, आणि उरलेल्या भाकऱ्या मोजून टोपलीखाली झाकायची. त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं. देवळासमोर ढोल सुरू झाला आणि तो कानांऐवजी पोटाच्या पोकळीत वाजू लागला. पुढचं त्यांना धड आठवत नव्हतं, नंतर लोकांनी सांगितलं होतं. त्यांनी केस सोडले, घुमल्या, आणि त्या जाड आवाजात पहिलं वाक्य बोलल्या: "हिला पोटभर घाला." सासूने तिथल्या तिथे पायावर डोकं ठेवलं होतं. त्या दिवसापासून राहीबाईंना कुणी भाकरी मोजून दिली नाही. आजवर ही गोष्ट त्यांनी किती जणांना सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याचे डोळे भरून आले असतील. आई किती मायाळू, लेकराची भूक तिला कळली. आज त्याच वाक्याकडे बघताना त्यांना ते उलटं धरलेलं दिसलं. काळकाई जगात आली आणि पहिल्यांदा बोलली ती राहीच्या भुकेबद्दल. त्यांनी ते वाक्य पुन्हा सरळ करून पाहिलं. होईना.

पण पुढे किती चांगलं झालं होतं त्या आवाजाने. वाडीतल्या एका विधवेला दीर हुसकून लावत होते, तेव्हा आई गरजली होती आणि दीर गप्प झाले होते. हरवलेली म्हैस ओढ्याच्या वळणावर सापडली होती. दोन भावकींत बांधावरून कोयते निघाले होते, ते तिच्या एका शब्दावर परत आढ्याला लागले होते. मग ते सगळं कुणी केलं? राहीने? चार यत्ताही न शिकलेली, नवऱ्यासमोर मान वर न करणारी राही, ती कोयते खाली ठेवायला लावणार? त्या उठल्या, पाण्याच्या हंड्यापाशी गेल्या. का गेल्या ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. हंडा अर्धा रिकामा होता. त्यांनी वाकून तोंड हंड्यावर आणलं, आणि पोटात ते तापलेलं शोधलं. ते तिथेच होतं, राखेखालच्या निखाऱ्यासारखं. "राही," त्या म्हणाल्या. हंडा घुमला. आवाज जाड होता, खोल होता, कुणाचाच नव्हता. त्या मागे सरल्या तेव्हा त्यांच्या हनुवटीला पाणी लागलेलं होतं. त्या आवाजाला हाक मारता येत होती. मनात येईल तेव्हा मारता येत होती.

त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. सयाजी आला, जेवून गेला. कोंड्याने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "बाजारात काय झालं गो, आये?" त्याने जाता जाता विचारलं. "गिरणीत बाया बोलत व्हत्या. आय परत आली म्हनं तुझ्यात." "कोन बोललं?" "सगळीच." त्याच्या आवाजात भीती होती की आनंद, हे त्यांना ओळखता आलं नाही. तो गेल्यावर त्या भिंतीला पाठ लावून बसल्या, आणि पाच वर्षं त्यांनी ज्या दिवसाला हात लावला नव्हता तो दिवस आपसूक समोर येऊन बसला.

मैना थोरल्या महिपतची बायको. पोलादपूरच्या बाजारपेठेतली, मोटारी जवळून पाहिलेली, दिवसातून दोनदा वेणी घालणारी. महिपत मुंबईला गोदीत कामाला होता आणि त्याने चाळीत जागा बघितली होती. बाळंतपण झालं की तिला नेणार होता. राहीबाईंना ते आवडलं नव्हतं. का, हे त्यांनी कधी शब्दांत मांडलं नव्हतं. नवरा गेलेला, धाकटा महाडला, थोरला मुंबईला. घरात चूल पेटवणारं दुसरं माणूस म्हणजे मैनाच. श्रावणातला दिवस, तिला कळा लागून दुसरा दिवस उजाडलेला. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही. वाडीचा जाणता माणूस कोंडाजी, त्याने माणसं जमवली, बांबूला घोंगडं बांधून डोली केली. पोलादपूरपर्यंत डोली, पुढे मोटारीने महाडचा सरकारी दवाखाना. ओढ्याला पाणी होतं पण उतार सापडत होता; कोंडाजी स्वतः बघून आला होता. मैनाने ओठ चावून ते सुजवले होते. "आत्याबाय, मला न्या," ती म्हणाली होती. आणि राहीबाई पाणी आणायला आत वळल्या तेव्हा तिने सुईणीला हळूच म्हटलेलं त्यांनी ऐकलं: "बरी झाले ना मावशे, की मुंबैला जाईन. या घरात परत पाय नाय ठेवायची."

त्यानंतर अंगात आलं.

ही दोन वाक्यं, मैनाचं आणि देवीचं, त्यांनी पाच वर्षांत कधी शेजारी ठेवली नव्हती. मधे त्यांनी काय काय भरलं होतं: धूप, पोटऱ्यांचा कंप, कुणीतरी मारलेली हाक, कानातलं पाणी. आज मधलं सगळं निघून गेलं आणि वाक्याला वाक्य लागलं. या घरात परत पाय नाय ठेवायची. आणि लगेच, उंबऱ्यात उभं राहून, केस सोडून, त्या आवाजात: "उंबरा वलांडायचा नाय. माझी लेक माझ्याच घरात सुटंल." कोंडाजीने डोली खाली ठेवली होती. सहाही माणसांनी हात जोडले होते. मैनाने हात जोडले नव्हते. ती राहीबाईंच्या डोळ्यांत बघत होती. देवीकडे बघतात तसं नाही, माणसाकडे बघतात तसं. आणि राहीबाईंना, अंगात वारं असताना, ते दिसलं होतं. माणसं लांब गेली नव्हती. मैना जवळ होती, अगदी जवळ, तिच्या कपाळावरचा घाम मोजता आला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, पोटातलं पोटात घेऊन.

कुणी राहीबाईंना शब्द बोललं नाही. मैनाच्या आईनेही, ऊर बडवताना, आकाशाकडे बघून बडवला. चौथ्या दिवशी महिपत मुंबईहून आला. तो पायरीवर बसला, त्याने कोंडाजीकडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आयची मर्जी." बोलताना त्याने आईकडे पाहिलं नव्हतं. कुठल्या आईची, हे त्या दिवशी विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि नंतर इतकी वर्षं विचारायची हिंमत झाली नव्हती. तो वर्षाकाठी शिमग्याला येई, लुगडं आणी, पाया पडे, चार दिवस राहून जाई. दुसरं लग्न त्याने केलं नाही. विषय काढला की म्हणायचा, बघू.

बाजारातल्या त्या सकाळीला चार दिवस झाले असतील, आणि आळीतली चंद्राबाई दारात आली. मागच्या गल्लीत राहणारी, मूळची डोंगरातलीच, राहीबाईंना बहिणीसारखी मानणारी बाई. तिचा मुलगा पांडू मुंबईला, आणि त्याची बायको आनंदी इथे, आठवा सरत आलेला. चंद्राबाई रोज येई ती चुलीपाशी बसून बोलायला. आज ती दारातच उभी राहिली आणि वाकून नमस्कार करून आत आली. असा नमस्कार तिने आजवर कधी केला नव्हता.

"पोरीचं पाय सुजल्यात," चंद्राबाई म्हणाली. "त्वांड सुजलंय. डोकं धरून बसते, डोळ्यापुढं काजवे नाचतात म्हनते. दवाखान्यातली नर्सबाय येऊन गेली. म्हनते आजच्या आज आना, नायतर जीवावर बेतंल. तिथं नेलं की पोट फाडत्यात गो. माझ्या बहिनीच्या सुनेला नेली ती परत आली नाय."

"मग काय करनार?"

"मी कोन करनारी? पांडूला तार करायची तर तो म्हननार, राहीबायच्या आयला विचार. आय परत आल्येय तुमच्यात, सगळ्या आळीला म्हाईत झालंय. आज मंगळवार हाय. मी पाट मांडलाय. तुम्ही या. आय सांगंल तसं करू. ने म्हनली तर नेऊ, नको म्हनली तर नाय."

"आय येत नाय आता," राहीबाई म्हणाल्या. पण त्या हे बोलल्या तेव्हा हंड्याकडे त्यांची नजर गेली, आणि चंद्राबाईने त्यांचा चेहरा वाचला. "ईल," ती ठामपणे म्हणाली. "माझ्यासाठी ईल."

ती गेली. उत्तर तर सोपं होतं. जायचं, पाटावर बसायचं, केस सोडायचे, पोटातलं ते वर घ्यायचं आणि म्हणायचं: "न्या हिला." चंद्राबाई एका शब्दाने विचारणार नाही, गाडी जोडेल, पोर तासाभरात दवाखान्यात असेल. एक खोटं, आणि एक जीव. हे खोटं कुणाला लागणार होतं? त्या उठल्या, लुगडं नीट केलं, कुंकू लावणारच होत्या. विधवा झाल्यावरही देवीचं म्हणून त्या मळवट भरत असत. मग त्यांचा हात थांबला. न्या म्हणणारा आवाज आज देवीचा ठरला, तर नको म्हणणाराही देवीचाच होता. मग डोली कुणी खाली ठेवायला लावली नव्हती. मग मैना कुणाच्या हातून गेली नव्हती, ती नुसतीच गेली होती, आणि पुढल्या मंगळवारी आणखी कुणी पाट मांडील, त्याच्या पुढल्या मंगळवारी आणखी कुणी, आणि एखाद्या मंगळवारी समोरची मुलगी राहीबाईंना आवडणार नाही. आणि खरोखरच काळकाई असली तर? ती खरंच पोटऱ्यांतून चढत असली तर? त्यांना ठाऊक नव्हतं. ते आता कधीच ठाऊक होणार नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की आवाज कुणाचाही असो, तोंड त्यांचं होतं. त्या करंडा तसाच उघडा ठेवून बाहेर पडल्या.

चंद्राबाईच्या घरात दहाबारा बाया जमल्या होत्या. धूप इतका केला होता की भिंती दिसत नव्हत्या. मधोमध पाट, नारळ, हळदकुंकवाचं ताट. कोपऱ्यात आनंदी गोधडीवर आडवी, सतरा-अठरा वर्षांची, चेहरा सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या. राहीबाई आत आल्या आणि कुजबुज थांबली. धूप नाकात गेला तशी त्यांच्या उजव्या पोटरीला हलकी कळ उठली. ओळखीची कळ. त्यांना वाटलं आता पळावं. कुणीतरी हलक्या हाताने थाळी वाजवायला सुरुवात केली.

"थाळी बंद करा," त्या म्हणाल्या. "मी पाटावर बसनार नाय."

थाळी थांबली. "आय रुसली काय गो?" कुणी म्हातारी म्हणाली.

"आयचं नाव घेऊ नका. मी सांगत्ये. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

चंद्राबाई पुढे आली. तिच्या हातातला कापूर अजून पेटवायचा होता. "हे आय सांगते, का तुम्ही सांगता?"

"मी."

"तुम्ही कोन?" चंद्राबाईने हे रागाने विचारलं नाही. तिला खरंच समजत नव्हतं. "तुमच्या सांगन्यावर मी माझी सून कशी नेऊ? उद्या बरंवाईट झालं तर पांडूला काय सांगू, गिरनीवाल्याची म्हातारी बोलली म्हनून नेली?"

आई सांगते, असं त्या म्हणाल्या असत्या तर अजूनही जमलं असतं. पोटरीतली कळ गुडघ्यापर्यंत आली होती, आवाज गळ्यात तयार होता. राहीबाई खाली बसल्या, जमिनीवर, दोन्ही हातांनी स्वतःच्या पोटऱ्या दाबून धरल्या, आणि त्यांनी सांगितलं. मैनाचं नाव घेऊन सांगितलं. डोली तयार होती, ओढ्याला उतार होता, पोर न्या म्हणत होती. ती मुंबईला जाणार म्हणून मला राग आला होता. उंबरा ओलांडायचा नाही असं मी म्हणाले. काळकाई नाही, मी. माझ्या सुनेला मी मारली. त्यांचा आवाज बारीक होता, म्हातारीचा, मधे खोकला येत होता. मागच्या बायांना पुरतं ऐकूही गेलं नसेल. धुपात कुणीतरी शिंकलं. मग चंद्राबाईने कुंकवाचं ताट उचललं, पदराखाली घेतलं, जसं काही त्यावर राहीबाईंची सावली पडत होती. "उठा," ती म्हणाली. "जा तुम्ही. माझ्या घरात असलं बोलू नका."

कोपऱ्यातून आनंदीचा आवाज आला. "मावशी." सगळ्यांनी वळून पाहिलं. ती कोपरावर उठायचा प्रयत्न करत होती. "मला काय दिसत नाय. मला न्या."

राहीबाई उठल्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही. दारात येऊन त्यांनी सयाजीला हाक मारली, साध्या आवाजात, तीनदा, गिरणीच्या धडधडीवरून ऐकू जाईपर्यंत. भात आणलेली बैलगाडी गिरणीसमोर रिकामीच उभी होती; सयाजीने ती दाराशी आणली. आनंदीला गाडीत ठेवताना तिचे हातपाय ताठ होऊन झटके द्यायला लागले आणि बाया किंचाळत मागे सरल्या. चंद्राबाई चाकाला धरून उभी राहिली. "काय झालं तर?" ती ओरडत होती. "काय झालं तर मी कुनाकडं बघू?"

"माझ्याकडं," राहीबाई म्हणाल्या. "देवळात जाऊ नको. माझ्या दारात ये. हिला नेत्ये ती मी."

आनंदी जगली. तीन दिवस तिला शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि मूल मागितलं. मूल झालं होतं, मुलगा. त्याने एक संध्याकाळ काढली होती. डॉक्टरांनी सयाजीला सांगितलं की आणखी दोन तास गेले असते तर बाईही हाती लागली नसती. सयाजीने ते आळीत सगळ्यांना सांगितलं. ऐकणारे मान हलवायचे आणि विषय बदलायचे. पांडू मुंबईहून आला, मुलाला पुरलेली जागा बघून आला, आणि राहीबाईंच्या दारावरून जाताना थुंकला. पाचव्या दिवशी चंद्राबाई आली. तिने केस बांधले नव्हते. अंगणात उभी राहून तिने राहीबाईंना नावानिशी शिव्या दिल्या: सून खाल्लीस, आता माझा नातू खाल्लास, देवी बोलत व्हती तर तिचं तोंड दाबलंस, म्हनून तिनं बळी घेतला. राहीबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सयाजी मधे पडायला गेला तर त्यांनी त्याला हाताने मागे सारलं. मैनाच्या वेळी कुणी आलं नव्हतं. पाच वर्षं कुणीतरी यावं म्हणून आपण वाट बघत होतो की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि तो विचार चांगला आहे की वाईट हे ठरवण्याआधीच चंद्राबाईने मुठीभर माती त्यांच्या अंगावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग रोज. आळीतल्या बायांनी पाणवठ्यावर राहीबाईंशी बोलणं टाकलं. गिरणीमालकाने सयाजीला आडून विचारलं, म्हातारीला काही दिवस गावाला ठेवता येईल का.

गावाहून कोंडाजी आला तो याच सुमाराला. पाय धुऊन आत बसला. फार वृद्ध झाला होता. "राही, येवढं कशाला ताणतेस गो," तो म्हणाला. "एकदा म्हन, आय रागावली व्हती म्हनून पोर गेलं. आपन तिला राखन देऊ, कोंबडा कापू. समदं निवंल. तुला परत गावाला नेतो, देवळात बसवतो."

"मैनाची डोली तुम्ही बांधली व्हती, कोंडाजीबावा."

"व्हय."

"मग खाली का ठेवलीत?"

"आय बोलली ना," कोंडाजी स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला. त्याने चहा घेतला नाही. परतीच्या गाडीला अवकाश होता, तरी तो उठून गेला.

मग राहीबाईंनी सयाजीकडून महिपतला पत्र लिहवून घेतलं. सयाजी चुलीपाशी मांडीवर पाटी घेऊन बसला, तिच्यावर कागद ठेवून लिहीत गेला. एका ठिकाणी त्याचा टाक थांबला. "हे लिवू?" "लिव." "दादा काय करंल?" "काय करायचं ते करंल. लिव तू." पत्र टाकल्यावर रोज एस्.टी.च्या वेळेला त्या हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभ्या राहायच्या. मुंबईची गाडी येऊन जायची, कुणी यायचं नाही, आणि त्यांना वाटायचं, आजचा दिवस मिळाला.

तो नवव्या दिवशी आला. सकाळी, हातात पिशवी. या खेपेला लुगडं नव्हतं. तो आत आला, टोपी काढली आणि पाया पडायला वाकला नाही. राहीबाई उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. त्याचे कानाजवळचे केस पिकले होते. हे त्यांनी शिमग्याला पाहिलं कसं नव्हतं?

"पत्र मिळालं," महिपत म्हणाला.

"हं."

"मला म्हाईत व्हतं."

त्यांनी भिंतीला हात लावला. "काय म्हाईत व्हतं?"

"समदं. सुईन पोलादपूरला भेटली व्हती, तिनं सांगितलं मैना काय बोलली ते. नंतर तू काय बोललीस ते कोंडाजीबावानं. दोन्ही ऐकल्यावर काय राह्यलं?"

"तवाच?"

"तवाच. पायरीवरनं उठायच्या आधी."

बाहेर गिरणी सुरू झाली. पाळण्यातल्या मुलाला हलवावं तशी भांडी फळीवर थरथरू लागली. "मग बोललास का नाय?" त्यांनी विचारलं. "मला मारायचं व्हतंस. घरातून काढायचं व्हतंस."

महिपत खाली बसला. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, तिची घडी घातली, उलगडली. "म्हनून तर बोललो नाय. तू केलंस म्हनलं असतं, तर मला काय तरी करावं लागलं असतं. तू माझी आय. काय करनार व्हतो मी? आयची मर्जी म्हनलं आनि गाडीत बसलो. पाच वर्सं तेच म्हनतोय. चाळीतल्या लोकांना, मुकादमाला. रातपाळीला एकलाच असलो तरी." त्याने टोपी बाजूला ठेवली. "तू पत्रात लिवायला नको व्हतंस. माझ्याकडं तेवढंच व्हतं."

क्षमा मागावी असं राहीबाईंनी पत्र लिहवून घेताना ठरवलं होतं. आता तो शब्द तोंडात कोंड्यासारखा सुका झाला. आपण त्याच्या अंगावरून काहीतरी उतरवून घेतोय असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या अंगावर काहीतरी टाकलं होतं, आणि तो ते कुठे ठेवू, असं विचारायला मुंबईहून आला होता. ठेवायला जागा नव्हती. "जेवतोस?" त्यांनी विचारलं. त्याला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की त्यांनी दोनदा मनातल्या मनात "नाय" ऐकलं.

"वाढ," तो म्हणाला.

त्यांनी भाकरी केली, जवळ्याचं सुकं केलं. तो जेवत होता, मान खाली घालून, परक्या घरी जेवतात तसा; मीठ कमी होतं, त्याने मागितलं नाही. त्या समोर बसल्या, पण त्याच्या हातांकडे बघवेना म्हणून चुलीकडे बघत राहिल्या. तो आजच्या गाडीने जाईल की राहील, पुन्हा येईल की नाही, हे त्यांना विचारायचं नव्हतं. त्याच वेळी अंगणात पावलं वाजली आणि चंद्राबाईचा आवाज चढला. "ए राहे! भायेर ये!" आज तिच्याबरोबर आणखी कुणीतरी होतं, पुरुषाचा खाकरा ऐकू आला, कदाचित दोघे, कदाचित पांडू. अंगणातल्या दगडावर काठी आपटली.

महिपतचा घास हातात राहिला. त्याने दाराकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच सरळ आईकडे पाहिलं, आणि अर्धवट उठला.

"बस. जेव तू," राहीबाई म्हणाल्या. त्यांनी हात पदराला पुसले. "मला हाक हाय ती."

आणि त्या बाहेर गेल्या.